माल सोडवणारे आबा

आबांच्या घरात शिरायचं तर उंबऱ्यापाशी पिशवी खाली ठेवायची आणि आत काय काय आहे ते मोठ्यानं सांगायचं, असा नियम होता. मला तो माहीत नव्हता. आमच्या महिला गटाला कचेरीसाठी चौसाळ्यात रस्त्याकडेची एक खोली भाड्यानं हवी होती. आबांची पुढची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून मी भर दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, जाड भिंगांचा चष्मा, असे एक गृहस्थ खुर्चीत बसले होते. मी जयभीम घातला. त्यांनी तो घेतला, पण बघत होते माझ्या पिशवीकडं.

"काय आणलंय?"

"काई न्हाई, खोली बघायला आलते."

"ते कळलं. पिशवीत काय हाय?"

मी म्हटलं, वही, पाण्याची बाटली, छत्री.

"आन?"

"आन काई न्हाई."

त्यांनी उठून पिशवी घेतली आणि सरळ बाजेवर पालथी केली. वही, बाटली, छत्री पडली. मागोमाग अर्धा किलो भेंडी, एक कंगवा आणि माझ्या लेकीचा शिवायला टाकायचा एक बूट पडला. आबांनी बूट उचलून उजेडात धरला. "एकच?" म्हणाले. मी म्हटलं, दुसरा चांगला आहे. त्यांनी मान हलवली, सगळं परत पिशवीत नीट भरलं, भेंडी वर ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला सगळं सांगायचं. या आत."

माझा चेहरा बघून आतून त्यांची बायको बाहेर आली. तिला सगळे आक्का म्हणत. "भिऊ नका बाई," ती म्हणाली, "आमच्या घरात कस्टमचा नाका हाय. एकदा खरं सांगितलं की सोडतेत."

आबा कस्टमचे साहेब नव्हते, पण गावाला तो फरक कधी समजला नाही. परदेशातून जहाजानं माल येतो, तो बंदरात उतरतो, आणि सरकारचा कर भरून, कागद दाखवून तो सोडवून आणावा लागतो. हे काम व्यापारी स्वतः करत नाहीत. त्यासाठी क्लिअरिंग एजंट असतात. अशा एका एजंटाच्या कचेरीत आबांनी मुंबईकडच्या बंदरात तीस वर्षं काढली. साहेब टेबलाच्या पलीकडं, आबा टेबलाच्या अलीकडं, आणि मधे कागद. रिटायर होऊन ते चौसाळ्याला परतले ते शुल्काचं एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्याला तपकिरी कागदाचं कव्हर होतं आणि ते नेहमी त्यांच्या उजव्या हाताशी असे.

त्या पुस्तकात जगातल्या झाडून सगळ्या वस्तू आहेत, असं आबांचं म्हणणं होतं. अठ्ठ्याण्णव चॅप्टर. पहिल्यात जिवंत जनावरं, मग मांस, मासे, दूध, असं करत करत कापड, लोखंड, यंत्रं, खेळणी. वस्तू कुठल्या चॅप्टरात बसते ते ठरलं की तिच्यावर कर किती तेही ठरलं. त्यामुळे आबांना कुठलीही गोष्ट दिसली की आधी तिचा चॅप्टर दिसे. न्हाव्याच्या दुकानात खाली पडलेले केस बघून ते म्हणत, सदुसष्ट, प्लास्टिकच्या फुलांच्या शेजारी. न्हावी कात्री थांबवून विचारी, "बरं की वाईट?" आबा म्हणत, "बरं-वाईट न्हाई. सदुसष्ट."

स्वयंपाकघरही त्यांनी पुस्तकाप्रमाणे लावलं होतं. साखर आणि गूळ एका फळीवर, हे ठीक होतं. चहा आणि हळद-मिरची एका डब्यात, हेही एक वेळ चाललं असतं. पण पंचविसाव्या चॅप्टरात मीठ आणि सिमेंट एकत्र येतात. त्यामुळे मिठाच्या बरणीशेजारी फरशीच्या भेगा बुजवायला आणलेलं पांढरं सिमेंट असे, तसल्याच बरणीत. एकदा आक्कांनी आमटीत चिमूटभर सिमेंट टाकलं. आबा जेवता जेवता म्हणाले, "मीठ कमी पडलं." काडेपेटी मात्र कुलपात असे, कारण पुस्तकात तिची जागा बंदुकीच्या दारूला आणि फटाक्यांना खेटून आहे. चहा टाकायचा म्हटलं की आक्का किल्ली मागायच्या. शेवटी त्यांनी गुपचूप एक लायटर आणला. आबांना तो दिसला, त्यांनी त्याचा चॅप्टर बघितला आणि लायटर होता तिथं परत ठेवला.

आक्कांनी एकदा आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "मग मी कुठल्या चॅप्टरात बसते, ते सांगा की." आम्हाला वाटलं, आता अडकले. आबा अजिबात अडकले नाहीत. म्हणाले, "सत्त्याहत्तर. सगळ्या पुस्तकात तेवढा एकच रिकामा हाय. राखून ठेवलाय. त्यात बसंल अशी वस्तूच अजून जगात निघाली न्हाई." आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा मिळाला.

आता दोघं गेवराईला लेकीजवळ असतात. आक्कांचे गुडघे धरले, त्यामुळे इकडचं घर बंद आहे, फक्त पुढची खोली आमच्याकडे आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. त्यांच्या फ्लॅटच्या दारातही पिशवी खाली ठेवावी लागते.

खरेपणाच्या बाबतीत आबांना आवर घालणं अवघड होतं. गावातल्या एका लग्नात आहेर पुकारणाऱ्याचा घसा बसला आणि कुणीतरी माईक आबांच्या हातात दिला. आबांनी सुरुवात केली. "स्टेनलेस स्टीलची कळशी, घरगुती वापराची, नग एक, झाकणाशिवाय." लोक हसले. "भिंतीवरचं घड्याळ, नग एक, सेलवरचं, सेल न्हाईत." लोक आणखी हसले. मग नवरीच्या मावशीनं रेशमी म्हणून आणलेली साडी आली. आबांनी पदर दोन बोटांत चोळला, चष्मा वर केला आणि साऱ्या मांडवाला सांगितलं, "साडी, नग एक, पॉलिस्टर." मावशी न जेवता गेली. दुसऱ्या दिवशी आक्कांना तिची समजूत घालायला तिच्या गावी जावं लागलं. आबांना आपलं काय चुकलं ते अजूनही कळलेलं नाही. "मी कमी बोललो न्हाई, जास्त बोललो न्हाई," ते मला म्हणाले, "जे हाय ते बोललो."

त्यांच्या या नाक्यावरून बिनधास्त ये-जा करणारी एकच बाई होती, ती म्हणजे आमच्या गटाची अध्यक्ष कौसाबाई. धनगरवस्तीवरची, साठीची, शेळ्या राखणारी. पहिल्याच मीटिंगला ती एक आजारी शेळी बरोबर घेऊन आली. आबांनी दारात विचारलं, "काय आणलंय?"

"दिसत न्हाई का? शेळी हाय."

"जिवंत जनावर. चॅप्टर एक."

"मग? माझी शेळी एक नंबरातच बसणार," असं म्हणून कौसाबाई शेळीसकट आत गेली. आबा बाजूला सरले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

आमचा गट चाळीस बायांचा. नेकनूर-चौसाळ्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या, काही आमच्या बौद्ध वस्तीतल्या, काही धनगरवस्तीवरच्या. गटाचं काम सीताफळाचं. आमच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. पण एकदा त्याचे डोळे उघडले की दोन दिवसांत ते खायचं, नाहीतर टाकायचं. रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला हे आमच्याइतकंच माहीत. तो टेम्पोला टेकून निवांत उभा राही, कारण संध्याकाळपर्यंत आम्हीच त्याच्या गळ्यात पडणार होतो. मी कुठंतरी शिबिरात गोठवून वाळवायचं यंत्र बघितलं होतं. फळाचा गर त्यात घातला की त्याचं पाणी निघून जातं, चव आणि वास तसाच राहतो, आणि माल वर्षभर टिकतो. आपल्याला परवडेल एवढं लहान यंत्र मला जवळपास मिळालं नाही, चीनमध्ये मिळालं. चार वर्षांची बचत त्यात घालायची होती. बाया आधी नको म्हणाल्या. मी घरोघर फिरले. "ह्या सीताफळाला यंत्र दारात असंल, हा माझा शब्द," असं मी प्रत्येक दारात म्हणाले. मला बोलायची सवय आहे आणि ती मला नेहमी महागात पडते.

यंत्राचा विषय निघाला आणि आबा दहा वर्षांनी तरुण झाले. रोज दुपारी आमच्या खोलीत त्यांचा वर्ग भरू लागला. ते मला सेक्रेटरीबाई म्हणत. "सेक्रेटरीबाई, बाजारात ज्वारीचं पोतं घेतलं. हमालाला दिलं, टेम्पोला दिलं. आता पोतं कितीला पडलं?"

मी म्हटलं, तिन्ही धरून.

"बराबर. सरकार बी तेच धरतंय. चिनी माणसानं घेतले ते, जहाजाचं भाडं, विमा. त्या सगळ्यावर ड्यूटी. मग ड्यूटीवर उलीसा अधिभार. मग सगळी बेरीज, आन तिच्यावर जीएसटी."

कौसाबाई शेळीला पाला चारत ऐकत होती. "म्हंजी कराला बी कर?"

"व्हय."

"लई हुशार हाय की सरकार." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पर आबा, भायेरच्या मालावर पैसे लावतेत कावून? आपल्याच माणसानं इकत घेतलाय न्हवं तो?"

आबांना हा प्रश्न आवडला. ते खुर्चीत पुढं सरकले. "हितल्या माणसाचं काम टिकावं म्हणून. आता तुमी घोंगडी इनता. उद्या परदेशातनं ढिगानं स्वस्त ब्लँकेटं आली तर तुमची घोंगडी कोण घेणार? म्हणून त्या ब्लँकेटावर कर. म्हंजी ते महाग व्हतं, आन तुमची घोंगडी टिकती."

"मग टिकली का?"

कौसाबाईच्या सासऱ्याचा माग वीस वर्षांपासून माळ्यावर पडून होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "न्हाई टिकली."

"मग जे यंत्र आपल्याला हितं मिळंनाच, त्याच्यावर बी कावून?"

"बाई, हाच प्रश्न मला तीस वर्षं पडलेला हाय," आबा म्हणाले. "पर मी टेबलाच्या हिकडं व्हतो."

कर तर भरायचाच होता, पण तो किती, हे नावावर होतं. चिनी कंपनीनं कोटेशनवर लिहिलं होतं, व्हॅक्यूम फ्रीझर. आबांनी ते वाचलं आणि कागदाला विंचू चिकटल्यासारखा तो टेबलावर ठेवला. "हे यंत्र थंड कशाला करतंय?"

"वाळवायला."

"मग त्याचं काम काय?"

"वाळवायचं."

"मग नाव बी तेच पायजे. फ्रीझर म्हंजी चौऱ्याऐंशी-अठरा. वाळवणी यंत्र म्हंजी चौऱ्याऐंशी-एकोणीस. अठराला ड्यूटी जास्ती, एकोणीसला कमी. आपण खोटं नाव देणार न्हाई. पर खरं नाव सोडून जास्तीचा कर भरायला बी आपण काई सावकार न्हाई." त्यांनी मला चिनी कंपनीला चार मेल लिहायला लावल्या. चौथ्या मेलनंतर नाव बदललं, आणि तिकडच्या मुलीनं मला विचारलं की तुमचे कस्टम मॅनेजर कोण आहेत. मी कळवलं, आमचे घरमालक.

जहाज निघालं तसं आबांनी मला समोर बसवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "आता कागद येतील. त्यात एक असतोय बिल ऑफ लेडिंग. जहाजवाल्यांनी माल घेतल्याची पावती. तिच्या तीन ओरिजिनल प्रती असतेत, तिन्हीतली कुठली बी एक चालती. हा कागद ज्याच्या हातात, त्याचा माल. ह्याला पाणी लागू द्यायचं न्हाई, घडी पडू द्यायची न्हाई, उंदीर लागू द्यायचा न्हाई. पोटच्या लेकरावानी जपा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीच्या बाळंतपणासाठी दोघंही गेवराईला गेले.

आठवड्यानं कुरियर आला. तिन्ही प्रती माझ्या हातात होत्या. पत्र्याची खोली, कोपऱ्यात उंदराची बिळं, वरून कौसाबाईची शेळी कागद दिसला की तोंड घालणारी. मी कौसाबाईला विचारलं, कुठं ठेवायचे? ती म्हणाली, "आधारकार्डाला आपण काय केलतं? तसंच करू." मला ते इतकं पटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी तिन्ही प्रती लॅमिनेट करून आणल्या. कडक, चकचकीत. आता शेळीनं चघळल्या असत्या तरी काही झालं नसतं.

आबा नातवाचे पेढे घेऊन परतले. मी पेढा खाल्ला आणि मोठ्या ऐटीत तिन्ही प्रती त्यांच्यापुढं मांडल्या. शाबासकीची वाट बघत उभी होते. आबांनी एक उचलली. उलटी केली. दुसरी उलटी केली. मग खाली बसले.

"तिन्ही?"

"तिन्ही. तुमीच म्हणलतात, लेकरावानी जपा."

"लेकराला कोण प्लास्टिकात घालतंय, बाई?" आबांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "ह्याच्या पाठीमागं आपली सही आन शिक्का मारायचा असतोय. तसा मारून दिला तरच जहाज कंपनी माल सोडायची चिठ्ठी देती. प्लास्टिकवर शाई बसत न्हाई."

त्यांनी लगेच बंदराकडच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. फोन ठेवून त्यांनी मला दोन रस्ते सांगितले. एक रस्ता म्हणजे तिन्ही प्रती परत पाठवून नव्या करून मागवायच्या, त्याला महिना सहज. दुसरा म्हणजे यंत्राच्या किमतीहून मोठी बँकेची हमी, ती आम्हाला कोण देणार. जहाज चार दिवसांत लागणार होतं आणि डोंगरावर फळांचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. महिना गेला की सीताफळ संपलं, यंत्र वर्षभर धूळ खाणार, आणि चाळीस घरांत मी दिलेला शब्द खोटा पडणार. त्या बाया मला काही बोलल्या नसत्या. नुसत्या पुढच्या मीटिंगला आल्या नसत्या. मी आबांच्या बाजेवर बसून चक्क रडले.

आबांनी मला रडू दिलं. ते तिन्ही प्रती घेऊन खिडकीशी गेले आणि एकेक उजेडात धरून बघू लागले. तिसरीपाशी थांबले. "ही अशी कावून? हिच्यात बुडबुडे हायेत."

मग मला आठवलं. तिसरी मशीनमध्ये घालताना लाईट मंद झाली होती. दुकानदार म्हणाला होता, "ताई, ही कच्ची राहिली, उद्या परत आणा, दाबून देतो." मी विसरले होते.

आबा हसायला लागले. "वीजवाल्यांचं भलं होवो," म्हणाले, "उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणतोय." त्यांनी आक्कांकडं इस्त्री मागितली, जुन्या धोतराचा मऊ तुकडा मागितला आणि स्वतःचं दाढीचं नवं पातं काढलं. मी कागद दोन्ही हातांनी ताठ धरायचा, आक्कांनी कापडावरून इस्त्री नुसती टेकवून उचलायची, आणि प्लास्टिक मऊ पडलं की आबांनी पात्याच्या टोकानं ते मागच्या बाजूनं केसभर सोडवायचं. कौसाबाई शेळीला बाहेर बांधून दारात राखण बसली. कुणी आलं की ती सांगायची, "आत ऑपरेशन चाललंय." दुपारभर चाललं. आबांचे हात एरवी चहाची बशी धरतानाही थरथरत. त्या दुपारी ते थरथरले नाहीत. दिवस कलता कलता मागचं सगळं प्लास्टिक एका पापुद्र्यात निघून आलं. एका कोपऱ्यात थोडा कागद खरवडला होता, बाकी पाठ कोरी होती. पुढची बाजू मात्र पक्की चिकटली होती, ती तशीच राहिली.

कौसाबाई म्हणाली, "पुढच्याचं काय सांगायचं? म्हणू की चीनवरनंच असा आलाय. त्यांला कोण इचारायला जातंय?"

आबांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "न्हाई. जे हाय ते सांगायचं. ह्या कागदावर चाळीस बायांचं नाव हाय, त्याच्यासंगं खोटं जाणार न्हाई." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि एकटाकी अर्ज लिहिला: आमच्या अज्ञानामुळे तिन्ही मूळ प्रती लॅमिनेट झाल्या आहेत, त्यातल्या एकीची मागची बाजू मी स्वतः घरी इस्त्रीनं मोकळी केली आहे, कोपरा माझ्या हातून खरवडला आहे. खाली माझी सही, गटाचा शिक्का, आणि त्याखाली त्यांची सही. मी म्हटलं, तुमची कशाला? ते म्हणाले, "पातं माझ्या हातात व्हतं."

दोन दिवसांनी आम्ही दोघं बंदराजवळ जहाज कंपनीच्या कचेरीत उभे होतो. काचेपलीकडं एक तरुण मुलगी होती. आबांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि आपल्याच घरच्या उंबऱ्यावर असावं तसं मोठ्यानं सांगितलं, "बिल ऑफ लेडिंग, ओरिजिनल, तीन नग. दोन पूर्ण लॅमिनेट, एक अर्धं. चूक आमची." मागच्या रांगेतले लोक वाकून बघू लागले. मुलीनं अर्ज वाचला, कागद पालथा केला, परत अर्ज वाचला, आणि तिला हसू आवरेना. "माझ्या आईनं माझी दहावीची मार्कशीट अशीच केली होती," ती म्हणाली. "बसा, मी आत विचारते."

आत विचारणं तासभर चाललं. दोन साहेब बाहेर येऊन कागद बघून गेले. एकानं आबांना विचारलं, "इस्त्री वापरली? जळला कसा नाही?" आबा म्हणाले, "मधी धोतर व्हतं." साहेबांनी मान डोलावली. शेवटी त्यांनी आणखी एक हमीपत्र लिहून घेतलं, बाकीच्या दोन्ही प्रती ठेवून घेतल्या, चिनी कंपनीला मेल करून खात्री केली, आणि अर्ध्या कागदाच्या पाठीवर माझी सही आणि आमचा शिक्का घेतला. चिठ्ठी मिळाली. कस्टमला आबांच्या जुन्या कचेरीनं कागद दाखल केले, आणि एकोणीस नंबरावर कुणी एक शब्द विचारला नाही.

ट्रक चौसाळ्यात शिरला तेव्हा ऊन चढलं होतं. चाळीसच्या चाळीस बाया रस्त्यावर होत्या, डोंगरावरून फळांच्या पाट्या उतरत होत्या. लाकडी खोका उतरवून आमच्या खोलीपुढं ठेवला. सगळ्यांची गर्दी झाली आणि आबा मात्र लांब, बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. कौसाबाईनं पहार नेऊन त्यांच्या हातात दिली. "तुमी फोडा."

आबा पहार धरून तसेच उभे. "मी लई खोके फोडलेत बाई," ते म्हणाले. "तपासणीला फोडायचे, साहेबांनी बघायचं, परत खिळे ठोकायचे. मग गेट पास, मग ट्रक, मग पुढचा खोका. तीस वर्षं. गेटाच्या भायेर काय व्हतं, कोण उघडतंय, काय करतंय, कवाच बघितलं न्हाई."

आबांनी पुढं येऊन पहिली फळी उचकटली, आणि मग बायांनी त्यांना थांबायला वेळच दिला नाही. संध्याकाळच्या आत यंत्र जागेवर बसलं. जोडणीला आलेल्या मिस्त्रीनं ते चालू करून दाखवलं, आम्ही सगळ्यांनी मिळून बिया काढलेला गर ट्रेमध्ये पसरला. दार बंद झालं. उद्या दुपारपर्यंत उघडायचं नाही, असं मिस्त्री सांगून गेला. सकाळी येऊन बघते तर आबा यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलेले. आक्कांनी त्यांचा डबाही तिथंच पाठवला.

दुपारी दार उघडलं. ट्रेमध्ये पांढऱ्या, हलक्या वड्या होत्या आणि सगळी खोली सीताफळाच्या वासानं भरून गेली. कौसाबाईनं पहिली वडी मोडून आबांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली. डोळे मिटले. मग चष्म्याच्या खालून पाणी गालावर आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"काय झालं आबा?" कौसाबाई घाबरली. "आंबट हाय का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "माल पोचला."